सुटून आलेल्याला पुन्हा शिक्षा नको

येत्या काही महिन्यांत तुमच्या तालुक्यातलं कुणीतरी तुरुंगातून सुटून घरी येईल. येरवड्याहून, कळंब्याहून, हर्सूलहून, नाशिकरोडहून, नागपूर-अमरावतीहून अशी माणसं एसटीत बसून आपापल्या गावी येतच असतात. अगदी थोडे सोडले तर आत गेलेला प्रत्येक माणूस एक ना एक दिवस बाहेर येतो. त्याला केव्हा सोडायचं हे ठरवायला न्यायालय आहे, कायदा आहे. तो आल्यावर त्याच्याशी कसं वागायचं हे मात्र तुमच्या-माझ्या हातात असतं, आणि बहुतेक वेळा आपण काही न ठरवताच वागून मोकळे होतो. कुजबुजतो, मुलांना घरात बोलावून घेतो, खोली भाड्याने देत नाही, त्याच्या भावाच्या दुकानातलं गिऱ्हाईक तोडतो. हे थांबवा, एवढं सांगण्यासाठी मी लिहितो आहे.

आत असतात कोण, ते आधी पाहू. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर जणांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. त्यांचा खटला चालू होता किंवा सुरूही झालेला नव्हता. तरी गावाच्या लेखी जो आत गेला तो गुन्हेगार. त्यातले कितीतरी पुढे निर्दोष सुटतात. निर्दोष सुटलेल्या माणसाची आत गेलेली वर्षं भरून द्यायला आपल्याकडे अजून वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने २०१८ साली तसा कायदा करावा असा अहवाल दिला, पण गोष्ट तिथेच आहे. अटक झाली तेव्हा फोटोसकट बातमी आलेली असते, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरलेली असते. तो सुटला ही ओळ त्याच ग्रुपवर कुणी टाकत नाही. तुम्ही टाका. ज्या हाताने पहिली बातमी पुढे ढकलली त्याच हाताने दुसरीही ढकला. त्या घराला एवढ्यानेही आधार होतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं होत नाही. जामीनदार लागतो, त्याची मिळकतीची कागदपत्रं लागतात किंवा रोख रक्कम भरावी लागते. ऊसतोडणीला गेलेला, वीटभट्टीवरचा, फुटपाथवर झोपणारा माणूस जामीनदार आणणार कुठून? मग हातात जामिनाचा हुकूम असूनही महिनोन्‌महिने आतच. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २६ नोव्हेंबर २०२२ ला संविधान दिनाच्या कार्यक्रमात न्यायाधीशांसमोर नेमकं या गरीब कैद्यांचं दुःख मांडलं होतं. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. योजना आली तेव्हा तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरता न आल्यामुळे अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर ही सवलत नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी अडकलं असेल तर हा परिच्छेद कापून त्याच्या घरच्यांना नेऊन द्या.

आता ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला आणि ज्यांनी शिक्षा भोगली त्यांच्याविषयी. न्यायालयाने पुरावा पाहिला, दोन्ही बाजू ऐकल्या आणि सात वर्षं सांगितली. ती सात भोगून माणूस आला. आठवं वर्ष त्याला आपण देऊ नये. तो अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. तुम्ही म्हणाल, आम्हाला भीती वाटते. वाटणारच. पण भीती कमी व्हावी म्हणून आपण जे करतो त्याने ती वाढते. काम नाही, खोली नाही, घरात कुणी नीट बोलत नाही अशा माणसाकडे पहिल्या आठवड्यात कोण येतं, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. जुने सोबती येतात. त्यांना त्याचा भूतकाळ अडचणीचा वाटत नाही. ते चहा पाजतात, खिशात पाचशे रुपये घालतात, झोपायला जागा देतात. गावातली सज्जन माणसं जे द्यायला कचरली ते त्यांनी देऊ केलेलं असतं. पुढे तो पुन्हा आत गेला की आपण मान हलवून म्हणतो, आम्हाला माहीतच होतं.

सुटण्याचा दिवस कसा असतो याची कल्पना करा. हातात कापडी पिशवी, आत जमा केलेले कपडे, सुटकेचा कागद आणि तुरुंगात कमावलेले थोडे पैसे. ते किती? महाराष्ट्रात कैद्यांची मजुरी २०२३ मध्ये वाढवली, तरी कुशल कामाचेही दिवसाला शंभर रुपये होत नाहीत. दहा-बारा वर्षं आत काढलेल्या माणसाला तर बाहेरचं जग ओळखू येत नाही. तो गेला तेव्हा चहाच्या टपरीवर सुटे पैसे चालत होते, आता तिथे क्यूआरचा कागद चिकटवलेला आहे. मोबाइलशिवाय बँकेत काम होत नाही, रेशन कार्ड आधारशी जोडल्याशिवाय रेशन मिळत नाही. शिधापत्रिकेतून नाव कमी झालेलं असतं, मतदार यादीतूनही बहुधा गेलेलं असतं, बँकेचं खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं असतं. तुरुंगात असताना मत देता येत नाही हे खरं, पण शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा मतदार होऊ शकतो, हे त्यालाच कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून पहिली विनंती ही की, त्याला कागदांसाठी सोबत द्या. उपदेश नंतर. कॉलेजात शिकणारा पुतण्या असेल, गावचा ग्रामपंचायत सदस्य असेल, सेतू केंद्र चालवणारा मुलगा असेल, त्याने चार दिवस काढून आधार, रेशन कार्ड, बँक खातं आणि मतदार नोंदणी एवढी कामं उरकून द्यावीत. सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे उभं राहायला या माणसांना फार धास्ती वाटते. वर्षानुवर्षं कुणीतरी शिट्टी वाजवल्यावर उठायचं, कुणीतरी सांगितल्यावर जेवायचं, अशी सवय झालेली असते. साध्या कारकुनाने आवाज चढवला तरी तो मागे फिरतो आणि परत जात नाही. शेजारी कुणीतरी आपलं उभं असलं तर काम होतं.

दुसरी गोष्ट तारखांची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. जामिनावर आलेल्या माणसाला कोर्टात तारखेला हजर राहावं लागतं, आणि अनेकांना आठवड्यातून एकदा पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि माणूस पुन्हा आत. तारखा चुकतात त्या बहुतेक वेळा साध्या कारणांनी. एसटी मिळाली नाही, मालकाने सुट्टी दिली नाही, वकिलाने नवी तारीख सांगितली नाही, दिवसाचा रोज बुडाला असता म्हणून गेला नाही. यातलं काहीही असाध्य नाही. घरच्यांनी तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी. कोर्टाच्या तारखा आता मोबाइलवरही पाहता येतात, शिकलेल्या मुलाने त्या आदल्या दिवशी पाहून सांगाव्यात. कामावर ठेवलेल्या मालकाने तारखेच्या दिवसाची सुट्टी ‘नाटक’ समजू नये. ती सुट्टी मिळाली तरच तो कामावर टिकणार आहे.

मालकांशी जरा जास्त बोलायचं आहे. दिवाळीच्या आधी तुरुंगांच्या विक्री केंद्रांत गर्दी होते. कैद्यांनी केलेले फराळाचे पदार्थ, पणत्या, लाकडी पाट, सतरंज्या लोक कौतुकाने घेतात. नाशिकरोडच्या कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती लोक घरी नेऊन त्यांची पूजा करतात. पण ती मूर्ती घडवणारा माणूस सुटून आला आणि मूर्तिकाराच्या कारखान्यात काम मागायला गेला, तर त्याला उभं करत नाहीत. हात तेच आहेत, कसब तेच आहे. सुतारकाम, शिवण, बेकरी, विणकाम, छपाई हे धंदे तो शासनाच्या खर्चाने शिकून आलेला असतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या केंद्रांतून आतल्या आत पदवी घेतलेलेही असतात. तुमच्याकडे फर्निचरचं दुकान, बेकरी, गॅरेज, पॅकिंगचं युनिट किंवा शेत असेल तर एखाद्याला तीन महिने ठेवून पाहा. पैशांच्या व्यवहारावर बसवू नका वाटलं तर, तो तुमचा निर्णय. पण रोज वेळेवर द्या, इतरांइतका द्या, आणि त्याचं प्रकरण बाकीच्या कामगारांना चघळायला देऊ नका. ‘आत होता’ म्हणून निम्म्या पगारात राबवून घेणारे मालक मी पाहिले आहेत. ते उपकार करत नाहीत, माणसाची अडचण वापरून घेतात.

बँकांनी विश्वास टाकला तर काय होतं याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ पासून येरवडा कारागृहातल्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. आत असलेल्या माणसाला सात टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, तारण काही नाही, फेड तुरुंगातल्या मजुरीतून. मुलीची फी, आईचं ऑपरेशन, वकिलाचे पैसे अशा गरजांसाठी आतला माणूस घरी काहीतरी पाठवू शकतो आणि घरात त्याची जागा राहते. शिखर बँक तुरुंगात असलेल्या माणसाला पत देते, तर गावच्या पतसंस्थेने सुटून आलेल्या माणसाला शेळीपालनासाठी किंवा शिलाई मशीनसाठी दहा-पंधरा हजार द्यायला काय हरकत आहे? शेजाऱ्यांपैकी एकाने जामीन राहावं, म्हणजे संचालक मंडळाचीही चिंता कमी होईल. सुटून आलेल्यांना छोटा धंदा उभा करायला शासनाकडूनही अर्थसाहाय्याची तरतूद आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयातल्या परिविक्षा अधिकाऱ्याला भेटावं लागतं. हा अधिकारी आपल्या जिल्ह्यात आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

घरच्यांसाठी थोडं. बाप आत असताना मुलं मोठी झालेली असतात, बायकोने घर एकटीने ओढलेलं असतं. तो आल्यावर पहिले आठ दिवस सण, आणि मग भांडणं. घराचे निर्णय आता तिच्या हातात असतात, ते लगेच परत मागू नका, हे त्याला कुणीतरी वडीलधाऱ्याने सांगायला हवं. मुलांपासून गोष्ट लपवू नका. ‘बाबा दुबईला होते’ हे खोटं शाळेच्या मैदानावर उघडं पडतं. आपल्या तुरुंगांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, त्यात कैद्याची मुलं जाळीशिवाय, काचेशिवाय त्याला बिलगू शकतात. अशी भेट मिळत असेल तर मुलांना न्या. ज्याला आत असताना पत्रं आणि मुलाखती मिळत राहतात, त्याला परतायला घर उरतं. आणि आई-बाप तुरुंगात असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला मदत मिळू शकते. आजी-आजोबा नातवंडं सांभाळत असतील तर त्यांनी चौकशी जरूर करावी.

बायकांची गत अधिक वाईट आहे. तुरुंगात शंभर माणसांत बायका असतात जेमतेम चार, म्हणून त्यांचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. नवरा आत गेला तर बायको डबा घेऊन मुलाखतीला जाते. बायको आत गेली तर तिच्याकडे सहसा कुणी येत नाही, आणि ती सुटते तोवर घरात दुसरी आलेली असते. माहेरच्यांनो, ती तुमच्या दाराशी आली तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न एक महिना बाजूला ठेवा. तेवढा वेळ तिला मिळाला तर ती काम शोधू शकते, मुलांचा ताबा मागू शकते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून अशा स्त्रियांबरोबर आणि तरुण कैद्यांबरोबर काम करतो आहे. प्रत्येक जिल्ह्यात असं काम उभं राहिलेलं नाही, म्हणूनच नातेवाइकांवरची जबाबदारी जड आहे.

पारधी, कैकाडी, वडार वस्त्यांविषयी न बोलता हा विषय पुरा होत नाही. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की आजही पहिली गाडी त्यांच्याच पालांकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातीवरून केलेला भेद घटनाबाह्य ठरवला. तुरुंगातले नियम बदलतील, पण गावातली जीभ कोण बदलणार? सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक यांच्या शब्दाला इथे वजन आहे. त्या वस्तीतला मुलगा सुटून आला आणि पुढच्याच चोरीत पुराव्याशिवाय उचलला गेला, तर तालुक्याच्या ठाण्यात जाऊन ‘तो त्या रात्री इथेच होता’ हे खरं असेल तर सांगायला पुढे व्हा.

पोलीस पाटलांना आणखी एक सांगणं आहे. कैद्याला संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर, म्हणजे फर्लो-पॅरोलवर सोडण्याआधी पोलिसांकडून गावातली चौकशी होते. ‘नको ती कटकट’ म्हणून नकारार्थी लिहून देऊ नका. खरोखर कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो नावानिशी सांगा. नसेल तर तसंही स्पष्ट सांगा. रजेवर येऊन वेळेत परत जाणारा माणूस पुढे कायमचा सुटल्यावर सावरण्याची शक्यता अधिक असते, कारण त्याचं गाव त्याच्या ओळखीचं राहिलेलं असतं.

ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांना विसरून यातलं काहीच करू नका. ज्या घरातला मुलगा मारला गेला त्या घराने मारणाऱ्याला चहा द्यावा, अशी अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. कुणीही त्यांना ‘आता विसरा’ म्हणू नये. सुटून आलेल्यानेही त्यांच्या गल्लीतून मिरवत जाऊ नये, शक्य असेल तर काही काळ दुसऱ्या गावी नातलगाकडे काम पाहावं. बायकोला जीवघेणी मारहाण करून आत गेलेल्या माणसाला पुन्हा तिच्याच घरात आणून बसवणं हे पुनर्वसन म्हणता येणार नाही, आणि पंचांनी तसा दबाव आणू नये. लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला मुलांच्या सहवासातलं काम मुळीच देऊ नये. ही सावधगिरी मी तुमच्याकडे मागतो आहे. पण ती सावधगिरी माणूस आणि गुन्हा पाहून ठेवावी. शेतात बांधावरून झालेल्या हाणामारीत आत गेलेला आणि अट्टल खंडणीखोर यांना एकच मोजमाप लावू नये.

आणि हे सगळं केवळ पुस्तकी म्हणणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन यावं. औंध संस्थानात १९३९ साली राजा भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने तिथे कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागली. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. सिनेमा सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. पण संस्थानातल्या आजूबाजूच्या गावांनी ज्या धैर्याने त्या वसाहतीला शेजार दिला, ते धैर्य आपण फारसं आठवत नाही. आज पैठणला आणि येरवड्याला खुली कारागृहं आहेत. तिथले कैदी शेतात राबतात, आणि भिंत नसतानाही बहुतेक जण पळून जात नाहीत.

तुमच्या गल्लीत कुणी सुटून येणार असेल तर त्याच्या घरी जा आणि कधी येतोय ते विचारा. त्याला आणायला तुरुंगाच्या दारापर्यंत जाणारं कुणी नसेल तर तुमच्यातल्या एकाने जावं. सुटका बऱ्याचदा संध्याकाळ उलटल्यावर होते, शेवटची गाडी निघून गेलेली असते आणि पहिली रात्र स्टँडवर काढावी लागते. घरच्यांना वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन लावून द्या किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय दाखवा. कोठडीत असलेल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो. क्षयाची किंवा मनाच्या आजाराची औषधं त्याला आत सुरू असतील तर त्यांचे कागद मागून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या, कारण औषधं तुटली तर आजार उलटतो. आणि ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी भाड्याचा करार करून, पोलिसांना नियमाप्रमाणे भाडेकरूची माहिती देऊन ती त्याला द्यावी. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तेवढ्या काळात त्याचं काम आणि तुमचा अनुभव, दोन्ही पाहून पुढचं ठरवता येईल.